जुना यागी दुरुस्त करताना: आधी केबल, मग सांधे, कापाकापी सगळ्यात शेवटी

संक्रांत उलटली की नाशिकच्या गच्च्यांवरच्या हॅम (हौशी) रेडिओच्या अँटेनांना मांजाच्या झिपऱ्या लोंबायला लागतात. त्या काढायला माणूस वर चढतो आणि मग त्याला बाकीचंही दिसतं: गंजलेले यू-क्लॅम्प, एका बाजूला झुकलेलं एलिमेंट (अँटेनाची आडवी नळी), कनेक्टरवरची उकललेली टेप. "या वेळी उतरवूनच घेऊ" हे तिथे ठरतं. महिनाभराने मला फोन येतो. "सगळा उघडला, घासून चकचकीत केला, परत जोडला. आता एसडब्ल्यूआर आधीपेक्षा वाईट येतोय." एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते याचं माप, १ सगळ्यात चांगला.

मी दोनच प्रश्न विचारतो. उतरवण्याआधी रीडिंग काय होतं? आणि केबल तपासली का? पहिल्याला बहुतेक वेळा उत्तर नसतं. दुसऱ्याचं उत्तर "केबल तर चांगली दिसतेय". काम या मंडळींनी मनापासून केलेलं असतं, फक्त क्रम उलटा झालेला असतो.

खालचे टप्पे २०, १५ आणि १० मीटर तरंगलांबीच्या बँडांवर चालणाऱ्या तीन एलिमेंटच्या ट्रॅप यागीसाठी लिहिले आहेत, कारण जुन्या माणसांकडून नव्यांकडे येणारा अँटेना बहुधा हाच असतो. यागी म्हणजे बूम नावाच्या एका दांड्यावर समांतर एलिमेंट बसवलेला, एका दिशेला रोखलेला अँटेना. ट्रॅप म्हणजे एलिमेंटमधली कॉइलची नळकांडी, तिच्यामुळे एकच एलिमेंट अनेक बँडांवर चालतं. तुमच्याकडे साधा डायपोल (मधोमध केबल जोडलेला एकच सरळ एलिमेंटचा अँटेना) किंवा २ मीटरचा यागी असेल तर ट्रॅपचा टप्पा गाळा, बाकी क्रम तोच ठेवा.

तयारी: सामान आधी, पान्हा नंतर

काम अर्धवट असताना वॉशरसाठी बाजारात धावलात तर सुटे भाग गच्चीवर तसेच पडून राहतात आणि खुणा पुसल्या जातात. म्हणून हे सगळं आधी हाताशी घ्या.

मोजायला मल्टिमीटर, नॅनोव्हीएनए (फ्रिक्वेन्सीनुसार एसडब्ल्यूआर दाखवणारं छोटं यंत्र) किंवा अँटेना अ‍ॅनालायझर, ५ मीटरची स्टीलची टेप, पर्मनंट मार्कर, तीन रंगांची टेप, झिपच्या पिशव्या आणि एक वही. मोबाइलमधल्या नोंदी चालतील, पण गच्चीवर उन्हात हाताला पेस्ट लागलेली असताना वहीच बरी पडते.

जोडायला स्टेनलेस ३०४ चे नट-बोल्ट, वॉशर, नायलॉक नट आणि होज क्लिपा. सातपूर किंवा अंबड एमआयडीसीच्या बाजूच्या नट-बोल्टच्या दुकानांत हव्या त्या मापाचा माल मिळतो. जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, किंवा अगदी किंचित ओढ लागते. पटकन चिकटला तर तो मुलामा दिलेला साधा बोल्ट. होज क्लिपेत आणखी एक गंमत असते: पट्टी स्टेनलेसची आणि आतला स्क्रू साध्या लोखंडाचा. चुंबक पट्टीला नको, स्क्रूला लावून बघा.

साफसफाईला भांडी घासायची हिरवी घासणी, ४०० नंबरचा एमरी पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यांना लावायची अँटी-ऑक्साइड पेस्ट. ही पेस्ट इलेक्ट्रिक कंत्राटदार अ‍ॅल्युमिनियमच्या लगला (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या तुकड्याला) वापरतात, त्यांच्या दुकानात विचारा. शेवटी आपोआप एकजीव होणारी रबर टेप आणि चांगली काळी पीव्हीसी टेप.

*सावध:* लोखंडी तारेची घासणी वापरू नका. तिचे बारीक कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात, पहिल्या पावसात गंजतात आणि त्या जागी नळीला खड्डे पडायला लागतात.

वेळेचं म्हणाल तर फेब्रुवारी ते एप्रिल. काम सकाळी सहा ते दहा. मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग जमतात. अर्धा उघडलेला यागी गच्चीवर आणि आभाळात गडगडाट, हा प्रसंग स्वतःवर आणू नका.

टप्पा १: उतरवण्याआधी मोजा

अँटेना वर आहे तसाच ठेवून केबलच्या शॅकमधल्या (रेडिओच्या खोलीतल्या) टोकाला अ‍ॅनालायझर लावा. भारतात आपल्याला १४.०००–१४.३५०, २१.०००–२१.४५० आणि २८.०००–२९.७०० मेगाहर्ट्झ मिळतात. प्रत्येक बँडसाठी तीन आकडे लिहा: खालच्या टोकाचा एसडब्ल्यूआर, वरच्या टोकाचा, आणि सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती येतो तो.

हे दोनदा करा. एकदा दुपारी कोरड्या हवेत आणि एकदा पहाटे दव पडलेलं असताना. दोन्ही वेळा आकडे सारखे आले तर पाणी शिरलेलं नसण्याची शक्यता जास्त. पहाटे किमान (सगळ्यात कमी एसडब्ल्यूआरची फ्रिक्वेन्सी) खाली सरकला आणि दुपारी जागेवर आला तर कुठेतरी ओल धरते आहे. मग कुणाला तरी गच्चीवर पाठवून पोल हळूच हलवायला सांगा. हलवताना आकडा उडत असेल तर सांधा सैल आहे.

पंधरा मिनिटांत एवढं कळतं. अँटेना उतरवला की ही संधी जाते.

*तपासा:* वहीत तीन बँडचे मिळून अठरा आकडे आणि तारीख आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: केबलवर संशय घ्या

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

जुनी, पाणी प्यायलेली केबल एसडब्ल्यूआर *चांगला* दाखवते. रेडिओतून निघालेली पॉवर वर जाताना केबलमध्ये जिरते, अँटेनाकडून परत आलेली पॉवर खाली येताना पुन्हा जिरते. मीटरपर्यंत पोहोचणारं परावर्तन इतकं थोडं उरतं की मीटरला वाटतं सगळं आलबेल आहे. केबलचा एकेरी लॉस ३ डेसिबल असेल तर वरचं टोक उघडं सोडलं, म्हणजे अँटेनाच नसला, तरी खाली एसडब्ल्यूआर ३ च्या आसपास दिसतो. "पूर्वी १.३ यायचा, साफ केल्यावर १.९ झाला" अशी तक्रार येते तेव्हा कधी कधी अँटेनाला काहीच झालेलं नसतं. मधल्या काळात कुणीतरी नवी केबल टाकलेली असते आणि आता पहिल्यांदा खरा आकडा दिसतो आहे.

केबलची दोन्ही टोकं सोडवा आणि या क्रमाने तपासा:

१. मल्टिमीटर २० मेगाओमच्या रेंजवर ठेवून मधली तार आणि जाळी यांच्यात मोजा. काहीच दिसता कामा नये. थोडे मेगाओम जरी दिसले तरी आत ओल आहे.

२. एका टोकाला मधली तार आणि जाळी जोडून दुसऱ्या टोकाला मोजा. जवळपास शून्य यायला हवं. मोजताना केबल कनेक्टरपाशी वाकवत राहा.

३. वरचं टोक उघडं ठेवून खाली नॅनोव्हीएनएवर २८ मेगाहर्ट्झला रिटर्न लॉस (परत येणारी पॉवर पाठवलेल्यापेक्षा किती डेसिबल कमी आहे ते) बघा. त्याचा निम्मा म्हणजे केबलचा एकेरी लॉस. ३० मीटर चांगल्या आरजी-२१३ या जाड केबलला तो साधारण १ डेसिबल येतो, तेवढ्याच आरजी-५८ या बारीक केबलला अडीच. आरजी-२१३ लाच अडीच-तीन येत असेल तर केबल गेली.

लॉस थोडाच वाढलेला असेल तर वरचा पीएल-२५९ कनेक्टर कापून टाका आणि बाहेरचं आवरण बोटभर सोला. जाळी तांब्यासारखी दिसली तर उत्तम. काळपट, चहाच्या चोथ्यासारखी दिसली तर फूटभर मागे जाऊन पुन्हा कापा. माझ्या एका केबलमधून कनेक्टर कापल्याबरोबर पाण्याचे दोन थेंब तळहातावर पडले होते, एप्रिलच्या कडक उन्हात. जाळीतून पाणी वातीसारखं वर-खाली चढतं. मीटरभर कापूनही काळंच दिसत असेल तर मोह सोडा आणि नवी केबल घ्या.

*सावध:* केबल मापाची नाही म्हणून मध्ये कनेक्टर टाकून जुना तुकडा जोडू नका. वाचलेले पैसे त्या जोडात जातात.

टप्पा ३: उतरवणं

गच्चीवरून महावितरणच्या तारा कुठून जातात ते आधी बघा. पोल आणि अँटेना मिळून जेवढी उंची होते, तिच्या निदान दीडपट अंतर तारेपासून हवं. तेवढं नसेल तर हे घरच्या घरी करायचं काम नाही. उतरवताना कमीत कमी तीन माणसं, एक दोरीवर, दोन खाली. अ‍ॅल्युमिनियमची शिडी तारेच्या बाजूला नको. अडकलेला मांजा दुसऱ्या टोकाला कशाला गुंतलाय ते पाहिल्याशिवाय ओढू नका, कारण काही मांजांतून वीज वाहते.

वारा असेल तर उद्या करा.

टप्पा ४: खुणा, माप, फोटो

अँटेना गच्चीवर आडवा ठेवला की हात लगेच पान्ह्याकडे जातो. तो आवरा. एकही नट सैल करायच्या आधी पुढचं करा.

तिन्ही एलिमेंटना रंगाची टेप लावा: मागचं रिफ्लेक्टर लाल, मधलं केबल जोडलेलं ड्रिव्हन एलिमेंट पिवळं, पुढचं डायरेक्टर हिरवं. रिफ्लेक्टर सगळ्यात लांब आणि डायरेक्टर सगळ्यात आखूड हे पाठ असलं, तरी ट्रॅप असलेल्या अँटेनात हा फरक नजरेला फसवतो. सुट्या नळ्यांच्या ढिगात तर तो कळतच नाही. मग प्रत्येक एलिमेंटची डावी-उजवी बाजू: रिफ्लेक्टरच्या मागे उभं राहून डावीकडची ती "डा". प्रत्येक नळीवर मार्करने "ला-डा-१", "ला-डा-२" असं लिहा.

आता माप. बूमपासून पहिल्या सांध्यापर्यंत, तिथून ट्रॅपपर्यंत, ट्रॅपची लांबी, पुढची नळी, शेवटचं टोक. मिलिमीटरमध्ये. दोन्ही बाजूंनी. प्रत्येक सांध्यावर आतली नळी बाहेरच्या नळीतून जिथे बाहेर येते, तिथे मार्करने गोल रेघ मारा. बूमवर एलिमेंटच्या क्लॅम्पांच्या जागाही मोजा.

डावी-उजवी बाजू जुळत नाही असं दिसलं तर घाबरू नका आणि सुधारूही नका. आधीच्या मालकाने कधीतरी टोक कापलेलं असू शकतं. नोंद करा आणि पुढे चला.

ट्रॅपचे फोटो जवळून घ्या. बहुतेक ट्रॅपना एक विशिष्ट टोक बूमकडे ठेवायचं असतं आणि पाणी निथळायचं भोक खाली. हे दोन्ही फोटोत यायला हवं.

*तपासा:* तुमच्या वहीवरून एखादा अनोळखी माणूस हा अँटेना परत जोडू शकेल का? घरातल्या कुणाला तरी वही देऊन विचारा, "लाल उजवीकडची दुसरी नळी किती लांब?" उत्तर मिळालं नाही तर नोंद कच्ची आहे.

टप्पा ५: सुटं करणं

नट-बोल्ट जुने असतील तर ते वाचवायच्या भानगडीत पडू नका. डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवा, सकाळी निघाले तर ठीक, नाहीतर हॅकसॉने कापा. बोल्ट स्वस्त आहे, नळी नाही.

नळ्या एकमेकींत बसून घट्ट झाल्या असतील तर हातोडा मारू नका. बाहेरच्या नळीला हॉट एअर गनने सगळीकडून गरम करा. ती आधी फुगते, आतली थोडी उशिरा. त्या मधल्या क्षणात दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून *पिळायचं*, ओढायचं नाही. पहिल्या प्रयत्नात नुसती कुरकुरते. थंड होऊ द्या, तेल मारा, पुन्हा तापवा. चौथ्या-पाचव्या वेळी सुटते. मधे व्हाइस लागली तर जबड्यात लाकडाचे खाचा पाडलेले ठोकळे घाला, नाहीतर नळी चेपते आणि चेपलेली नळी परत गोल होत नाही.

ट्रॅप तापवू नका. आत प्लास्टिक असतं.

नळ्यांची टोकं उघडी राहिली असतील तर आत कुंभारीण माशीने चिखलाने बूच मारलेलं सापडेल. काठीने पाडलंत तर मातीच्या गोळ्यांबरोबर वाळलेले कोळी किंवा अळ्या बाहेर येतात. मजा वाटते, पण ती माती पावसाळाभर ओल धरून ठेवते आणि नळी आतून खाते. गांधीलमाशांचं पोळं असेल तर मात्र संध्याकाळपर्यंत लांबच राहा.

टप्पा ६: सांधे घासा, अँटेना नको

अख्खा यागी घासून आरशासारखा करणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी उद्योग. १४ मेगाहर्ट्झला करंट अ‍ॅल्युमिनियमच्या वरच्या साधारण ०.०२ मिलिमीटरच्या थरातून वाहतो. त्यावरचा राखाडी ऑक्साइड वीजरोधक असल्यामुळे करंट त्याच्या खालून, धातूतूनच जातो. नळीच्या बाहेरची राखाडी कळा अँटेनाचं काही बिघडवत नाही, उलट खालच्या धातूचं रक्षण करते.

तोच ऑक्साइड दोन नळ्यांच्या *मध्ये* आला की दोष होतो. म्हणून घासायच्या जागा तीनच: आतल्या नळीचा आत जाणारा भाग, बाहेरच्या नळीचा आतला भाग आणि ट्रॅपची बसायची टोकं.

आतल्या नळीसाठी एमरी पेपर, आडवा गोल फिरवत. बाहेरच्या नळीच्या आत जायला जुन्या झाडूच्या काठीला हिरवी घासणी गुंडाळा. काळा चिकट थर निघेपर्यंत घासा, मग अल्कोहोलने पुसा, फडकं पांढरं निघेपर्यंत.

आता घाई करायची. स्वच्छ अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेचच नवा ऑक्साइड धरायला लागतो. आज घासून उद्या जोडलं तर आजचं काम बरंचसं फुकट. पुसल्याबरोबर पेस्टचा पातळ थर लावा, पेस्टच्या आतच घासणी दोनदा फिरवा म्हणजे ऑक्साइड पेस्टखाली खरवडला जातो, जास्तीची पेस्ट पुसा, पुन्हा पातळ थर आणि जोडून टाका. थर जाड नको, तूप लावलेल्या पोळीइतकाच.

निफाड, दिंडोरी किंवा पिंपळगावच्या बाजूला, मळ्यातल्या घरावर अँटेना असेल तर आणखी एक काम. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षांवर फवारण्या सुरू होतात. बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांब्याचा क्षार ओल्या अ‍ॅल्युमिनियमवर बसला की बारीक खड्डे पाडतो. अशा अँटेनाच्या नळ्या बाहेरूनही साध्या पाण्याने भरपूर धुऊन काढा आणि क्लॅम्पखाली विशेष बघा. बागेची तार भरपूर असते म्हणून तिचं एलिमेंट करायचा मोहही आवरा. ती जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, पोलच्या ताणांना ठीक आहे.

टप्पा ७: ट्रॅप

प्रत्येक ट्रॅप कानाशी धरून हलवा. खुळखुळ वाजला तर आत काहीतरी सुटलं आहे, किंवा वाळलेला किडा आहे. मल्टिमीटरने या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा: आत कॉइल असल्याने जवळपास शून्य ओम यायला हवं. उघडं दाखवलं तर कॉइलचं टोक तुटलंय.

नंतर जोड्या जुळवा. एकाच एलिमेंटच्या डाव्या-उजव्या बाजूंचे एकाच बँडचे दोन ट्रॅप एकमेकांशी जुळले पाहिजेत. नॅनोव्हीएनएला दोन-तीन वेढ्यांची वायरची रिंग लावून ती ट्रॅपच्या उघड्या टोकापाशी धरा, ज्या फ्रिक्वेन्सीला आलेखात खड्डा दिसतो ती लिहा. जोडीदारापेक्षा एखादा बराच बाजूला गेला असेल तर तो उघडून बघायचा. बहुतेक वेळा आत ओल, माती किंवा कोळ्याचं जाळं निघतं. अल्कोहोलने धुऊन दोन दिवस सावलीत वाळवा आणि पुन्हा मोजा.

*सावध:* ट्रॅपची टोकं सिलिकॉनने बंद करू नका. पाणी निथळायचं भोक बुजलं की ट्रॅप पाण्याची बाटली होतो. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं, ते तांब्याला खातं. कुठे वापरायचंच असेल तर बिनवासाचं, न्यूट्रल घ्या.

टप्पा ८: फीड पॉइंट आणि बालुन

फीड पॉइंटवर (केबल अँटेनाला जिथे जोडते तिथे) मल्टिमीटर लावून "शॉर्ट दाखवतोय!" म्हणून अँटेना मोडीत काढणारे मी पाहिले आहेत. ड्रिव्हन एलिमेंटवर हेअरपिन मॅच (केबलशी जुळवण्यासाठी लावलेली यू आकाराची तार) असेल तर डीसीला तिथे शॉर्ट दिसणारच. ट्रान्सफॉर्मर बालुनातही (केबल आणि अँटेना यांच्या मधल्या जुळवणीच्या डबीतही) तेच. उलट गॅमा मॅच या जुळवणीच्या दुसऱ्या प्रकारामध्ये मधल्या तारेच्या वाटेत कपॅसिटर असल्याने मीटर उघडं दाखवतो, तेही बरोबर. आधी आपला मॅच कोणता ते ओळखा, मग मीटरवर विश्वास ठेवा.

तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम थेट एकमेकांना टेकवू नका. पावसाचं पाणी मिळालं की ती बॅटरी होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. केबलच्या जाळीला कथिल लावलेला लग, लग आणि नळीच्या मध्ये स्टेनलेसचा वॉशर, वर स्प्रिंग वॉशर, नायलॉक नट. स्टेनलेसच्या बोल्टला थेंबभर ग्रीस लावा, नाहीतर घट्ट करता करता आटे एकमेकांत जाम होतात.

बालुनच्या डबीत पाणी गेलेलं असेल तर त्यात वेळ घालवण्यापेक्षा साधा चोक करा: फीड पॉइंटजवळ त्याच केबलच्या सुमारे ३ मीटरचे ७ वेढे, काळ्या केबल टायने बांधलेले. पांढरा टाय उन्हात वर्षा-दोन वर्षांत तुटतो.

टप्पा ९: जोडणी

वही उघडा आणि वहीतल्याच मापाने जोडा. पुस्तकात काय लिहिलंय किंवा मित्राने काय सांगितलं ते आज नको. नळ्यांच्या चिरा खाली, ट्रॅपची भोकं खाली, टोकांना टोपी आणि टोपीलाही खालून बारीक भोक. वाऱ्यात एलिमेंट थरथरून शीळ घालत असतील तर आत सुती नव्हे, प्लास्टिकच्या दोरीचा तुकडा सोडा.

*तपासा:* लाल, पिवळं, हिरवं क्रमाने आहेत? तिन्ही एका पातळीत आहेत? बूमच्या टोकाशी डोळा लावून बघा, एखादं एलिमेंट वळलेलं असेल तर लगेच कळतं.

टप्पा १०: ट्यूनिंग

टेप, सिलिकॉन, रंग, काहीही अजून लावायचं नाही. कनेक्टर नुसता घट्ट करा.

अँटेना गच्चीच्या स्लॅबवर ठेवून मोजू नका, खाली सळ्यांचं जाळं आहे. तात्पुरत्या पोलवर निदान ३ मीटर वर घ्या, किंवा बूम उभा करून रिफ्लेक्टर खाली, डायरेक्टर आभाळाकडे असा बांधा आणि रिफ्लेक्टर स्लॅबपासून मीटर-दीड मीटर वर ठेवा. टाकी, सोलरचं पॅनेल आणि डिशपासून जितकं दूर तितकं बरं. कमी उंचीवर किमान साधारणपणे थोडा खाली दिसतो, पोलवर गेल्यावर वर सरकतो. त्यामुळे खालचा आकडा अंतिम धरू नका, अंदाज म्हणून धरा.

क्रम महत्त्वाचा: आधी १० मीटर, मग १५, शेवटी २०. बूमपासून पहिल्या ट्रॅपपर्यंतचा भाग १० मीटरचा, पण तोच पुढच्या दोन्ही बँडांतही मोजला जातो. बाहेरचं टोक मात्र फक्त २० मीटरला लागतं. २० पासून सुरुवात केलीत तर १० जुळवताना ते पुन्हा बिघडणार.

सरकवायचं फक्त ड्रिव्हन एलिमेंट, दोन्ही बाजू समान. रिफ्लेक्टर आणि डायरेक्टर वहीतल्या मापावर राहू द्या. किती सरकवायचं याचा अंदाज: साध्या अर्धतरंग एलिमेंटमध्ये १०० किलोहर्ट्झ हलवायला २० मीटरला एकूण ७ सेंटिमीटर, १५ ला ३, १० ला पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास लागतात, म्हणजे प्रत्येक बाजूला त्याच्या निम्मे. ट्रॅपच्या एलिमेंटमध्ये २० आणि १५ ला याहूनही कमी पुरतं, म्हणून एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरच्या वर हात जाऊ देऊ नका.

आणि कापू नका, *सरकवा*. काही वर्षांपूर्वी माझ्या २० मीटरचा किमान बँडच्या खाली गेला होता. मी हॅकसॉ घेऊन दोन्ही टोकांचे चार-चार सेंटिमीटर उडवले, आकडा जागेवर आला, खूश झालो. पंधरा दिवसांनी फीड पॉइंटचा कनेक्टर बदलला, तो आतून ओला होता. बदलल्याबरोबर किमान बँडच्या वरच्या टोकाकडे पळाला. चार सेंटिमीटरसाठी अंबडमधून अख्खी नळी आणावी लागली. उरलेली नळी अजून जिन्याखाली आहे, बायको अधूनमधून विचारते.

हे सगळं अ‍ॅनालायझरवर करा, त्याची पॉवर नगण्य असते. रेडिओ जोडून तपासायचं तेव्हा कमी पॉवर, आधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ऐकणं आणि आपला कॉलसाइन (परवान्यावरची ओळख) देणं, हे वेगळं सांगायला नको.

टप्पा ११: पाणीबंदी

ट्यूनिंग मनासारखं झाल्यावरच टेप हातात घ्या. कनेक्टरवर आधी पीव्हीसी टेपचा एक थर, म्हणजे पुढच्या वेळी उघडताना रबर खरवडावं लागणार नाही. त्यावर रबर टेप, मूळ लांबीच्या दुप्पट ताणून, अर्धी-अर्धी एकमेकींवर येईल अशी. सगळ्यात वर पुन्हा पीव्हीसी, आणि हा थर *खालून वर* गुंडाळायचा, कौलांसारखा, म्हणजे पाणी वरच्या वेढ्यावरून खालच्यावर घरंगळतं. शेवटचा वेढा न ताणता चिकटवा. ताणलेलं टोक उन्हात उलगडतं.

केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, खिडकीच्या पातळीच्या खाली जाईल असा. नाहीतर केबलवरून ओघळणारं पाणी थेट शॅकमध्ये.

टप्पा १२: नळीचा पाऊस, मग चढाई

पोलवर चढवण्याच्या आदल्या संध्याकाळी बागेच्या नळीने अँटेनावर दहा मिनिटं पाऊस पाडा. फीड पॉइंट आणि ट्रॅपवर जास्त. लगेच मोजा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा. ओला असताना किमान थोडा हलतो, तेवढं चालतं. सकाळपर्यंत जागेवर आला नाही तर कुठेतरी पाणी साठलंय, आणि ते शोधायला खाली असणं वर असण्यापेक्षा शंभरपट सोपं.

पोलचं आणि केबलच्या जाळीचं अर्थिंग वळवाच्या आधी तपासा. वादळ दिसलं की केबल रेडिओपासून काढून खिडकीबाहेर ठेवायची सवय लावा. अर्थिंग असलं तरी.

अँटेना वर गेला, ताण बसले, की टप्पा १ चे अठरा आकडे पुन्हा घ्या, त्याच वहीत, शेजारच्या रकान्यात. मग पहिला जोरदार वळीव होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी निथळायच्या आत, तिन्ही बँड मोजा. एकच बँड सरकला असेल तर त्या बँडच्या ट्रॅपचं भोक बघा. तिन्ही सरकले असतील तर फीड पॉइंटची टेप सोडा, केबलच्या त्या टोकापासून टप्पा २ सुरू करा आणि एलिमेंटना हात लावू नका.